माघातला चिखल

लक्ष्याने माळ्यावरून फळी खाली ओढली, तेव्हा शेजारची गोदा तोंडाला पदर लावून हसली. लावणी आटोपली की चिखल सपाट करायची ही फळी धुऊन माळ्यावर जाते आणि पुढच्या आषाढापर्यंत साखरशेत गावात तिला कुणी हात लावत नाही. आणि हा गडी भर माघात, धूळ उडणाऱ्या खळ्यात, तिला बैल जोडत होता.

"लक्ष्या, लावणी लवकर धरली कय यंदा?"

"तू फोन धर. नीट धर. पोरीला माझं पाय दिसाय पायजेत."

फोनमध्ये त्याची पोर योगिता होती. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरायला शिकायचं म्हणून आश्रमशाळेने तिला पार मनालीला पाठवलं होतं. नाक लाल, डोळे त्याहून लाल. दहा दिवसांत ती इतक्यांदा पडली होती की तिने मोजणंच सोडून दिलं होतं. उद्या परीक्षा. बाकीच्या मुली उतारावरून सुळकन खाली जात होत्या आणि हिला सकाळच्या गाडीने परत यायचं होतं.

"बा, माझं पाय फाकतात. मला नाय जमणार. मी येते घरी."

"ये. कुणी नाय म्हणत नाय. पण आधी बघ."

लहानपणी वजनाला म्हणून योगिताच या फळीवर उभी राहायची. बैल उधळले तरी पोर कधी चिखलात पडली नव्हती. भीतीपायी ती तेवढंच विसरली होती. लक्ष्याला बोलून काही पटवता येत नसे, बोलायला लागला की त्याची जीभ अडखळे. म्हणून तो पायांनी सांगायला निघाला होता.

कासरा हातात घेऊन तो फळीवर चढला. बैलांनी ओढ घेतली. फळी सुक्या मातीत रुतली, कचकन थांबली आणि लक्ष्या तोंडावर आपटता आपटता वाचला. पुन्हा हाकललं, पुन्हा तेच. गोदाचं हसू आता थांबलं होतं. बापाची फजिती बघून पोरगी जास्तच रडवेली झाली.

तेवढ्यात रंगू आली, लक्ष्याची बायको. डोक्यावर एकावर एक दोन हंडे. खालच्या विहिरीची एक खेप म्हणजे तासाभराची चढण, आणि घरातलं पिणं-रांधणं तेवढ्यावरच. तिने नवऱ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. वरचा हंडा उतरवला आणि सरळ फळीपुढे ओतला. मग दुसराही.

"आये! पाणी!" योगिता ओरडली.

"पाणी परत आणू. तू बापाचं गुडघं बघ."

लक्ष्याने पायाने माती कालवली, पुन्हा फळीवर उभा राहिला.

"गुडघं सैल सोड. पायाखाली नोको बघू, समोर बांधाकडं बघ. बैल पळतील. पळू दे."

फळी सुटली. चार हात, पाच हात, जेमतेम तेवढाच चिखल होता. पलीकडे कोरड्यात फळी थांबली तेव्हा लक्ष्या तिच्यावर ताठ उभा होता, माखलेला, दात काढून हसत.

गोदाने फोन त्याच्या तोंडापुढे नेला. मग योगिता नाक ओढत म्हणाली,

"बा, परत एकदा दाखव ना."

रंगूने रिकामे हंडे उचलले आणि विहिरीची वाट धरली.