भिंतीवरचा इतिहास

अल्जिअर्सच्या भर बाजारात भुयारी रेल्वेसाठी झुलिखाचं घर पाडलं, तेव्हा दोन वर्षांत बदली घर मिळणार होतं. स्टेशन व्हायलाच तीस वर्षं लागली. तोवर कचेरीतला कारकून तिला मानानं 'हाज्जा' म्हणत एकच सांगत राहिला, "हाज्जा, तिथं राहत होतात याचा पुरावा आणा." कागद तर ढिगाऱ्यातच गेले होते.

स्टेशन सुरू झाल्यावर ती शेजारणीबरोबर खाली उतरली आणि भिंतीपाशी थबकली. 'स्थानकाचा इतिहास' म्हणून लावलेल्या मोठ्या फोटोत तिचीच गॅलरी होती, दोरीवर तिच्याच चादरी, आणि कठड्याला टेकून नवरा कॉफी पीत होता. शेजारणीच्या मोबाइलवर फोटो काढून घेऊन तिनं कचेरी गाठली.

"घर दिसतंय खरं," कारकून म्हणाला. "हे कोण?"

"माझे मालक. तुमच्या या बाकावर बसून बसून गेले."

कारकून ओशाळला. मग त्यानं फोटोखालची ओळ बोटांनी मोठी करून वाचली: 'बांधकामापूर्वीची मोकळी सरकारी जागा.'

"हाज्जा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हा फोटो जोडू नका. सरकारी जागेत तुम्ही बेकायदा राहत होतात, याचा हा पक्का पुरावा आहे."