कणकेनं लिंपलेला डबा

हवालदारानं मळलेली तंबाखू गालात सारली आणि माळ्यावरचा स्टीलचा डबा उतरवला. "झाकणाला कणीक लावून कोण डबा बंद करतं, वहिनी?"

आत माझ्या मुलीची कुंची होती. तीन महिन्यांची असतानाच ती गेली. तिच्या अंगाचा वास उडून जाऊ नये म्हणून सासूबाईंनीच झाकण कणकेनं लिंपून दिलं होतं. मी डबा उघडत नसे, दुपारी तो नुसता मांडीवर घेऊन बसायची.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग म्हटलं, "साहेब, वॉरंट तरी दाखवा."

"वस्तीत गांजा आलाय अशी खबर आहे. सगळीच घरं बघतोय," त्याचे फौजदारसाहेब दारातूनच म्हणाले. "तुम्ही काही लपवलं नसेल, तर कागद कशाला हवा?"

हवालदारानं आमच्याच उलथन्यानं वाळलेली कणीक फोडली. कुंची बाहेर काढून दोन्ही हातांनी चुरगाळली, नाकाशी धरली आणि छाती भरून श्वास घेतला.

"दुधाचा वास येतोय साहेब. बाकी काही नाही."

जाताना त्यानं कुंचीची घडी घालून दिली. अगदी नीट, घरात लहान मूल असलेला माणूस घालतो तशी.

ते गेल्यावर मी तिच्यात तोंड खुपसलं. तंबाखूचा वास आला.

सासूबाई परात घेऊन बसल्या आणि झाकणापुरती कणीक भिजवू लागल्या.

"राहू द्या, आई," मी म्हटलं.