शेजारची एअरबॅग

काळीभोर, आलिशान, डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभराचा वेग घेणारी गाडी! जुनी असली म्हणून काय झालं, नवरा तिच्यापुढे पार पाघळला होता. घोडं अडलं ते किमतीवर.

“एक उपाय आहे साहेब,” दलाल आवाज खाली आणत म्हणाला. “गाडी एकदा ठोकलेली आहे, एअरबॅग फुटल्या होत्या. चालवणाऱ्याची नवी टाकलीय. शेजारच्या सीटची टाकली नाही, तर तुमच्या बजेटात बसेल.”

“मग टाकूच नका! शेजारी काय, हीच तर बसणार.”

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, मी बसणार म्हणून नको?”

“चिडतेस काय गं? मी जपूनच चालवणार ना! एवढाही विश्वास नाही माझ्यावर?”

ती तरातरा जाऊन स्टिअरिंगपुढे बसली. पट्टा लावला.

“भाऊ, किल्ली द्या. घरची गाडी रोज मीच चालवते, हीही मीच चालवीन. अहो, या ना! तुमचा तर विश्वास आहे माझ्यावर. बसा शेजारी.”

नवऱ्याने शेजारचं दार उघडलं, जरासा घुटमळला आणि आत न बसताच ते हळूच लावून टाकलं.

“दुसरी एखादी दाखवा हो,” तो दलालाला म्हणाला.