अर्ध्या मिनिटाचं गाव

“फीट म्हणजे माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो. हे कुठे पडतात?” कुमुदिनीबाईंनी डॉक्टरांनाच सुनावलं. त्यांचे यजमान रघुवीरराव बोलता बोलता शर्टाच्या बटणाशी चाळा करत अर्धं मिनिट शून्यात बघत राहायचे, आणि बाई सहा वर्षं त्याला भाजी आणायचा आळस समजून त्यांची हजेरी घेत आल्या होत्या.

“फीट अनेक तऱ्हेची असते,” डॉक्टर म्हणाले. “कुणी पडतं, कुणी दोन-चार सेकंद नुसतं थांबतं, तर कुणी यांच्यासारखं उभ्या उभ्या हरवतं. परवा हे भर रस्त्यात हरवले ना? गोळ्या चुकवायच्या नाहीत.”

घरी रघुवीरराव पहिली गोळी तळहातावर घेऊन बसले. “नको वाटतं गं. तिथे फार छान असतं. केवड्याचा वास येतो, हळदीसारखं ऊन पसरतं आणि कुणीतरी बाई मला लांबून हाक मारते. अगदी ओळखीची वाटते.”

“मी असेन.”

“छे,” रघुवीरराव प्रामाणिकपणे म्हणाले. “ती फार हळू बोलते.”

कुमुदिनीबाईंना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून परवाची एसटी होती, आणि तिच्यासमोर कुठल्यातरी उन्हात रमून उभा राहिलेला नवरा.

“असू दे,” पाण्याचा पेला पुढे करत त्या म्हणाल्या. “पण परवा तिने नुसतं बघितलं. बोंब मारून तुम्हाला बाजूला ओढलं ते मी.”

रघुवीरराव गप्प झाले. बाईंनी चटकन त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे पाहिलं, पण या वेळी ते नुसता विचारच करत होते. मग त्यांनी गोळी गिळली.