लग्नाचा उपास

"आज मला काही खायचं नाही," ब्लूमा म्हणाली, आणि सूप वाढणाऱ्या झेल्दाचा हात थांबला.

युद्ध संपून वर्ष झालं होतं. छळछावणीतून वाचलेल्या या दोघी ज्यू मैत्रिणी निर्वासितांच्या वसाहतीत राहत होत्या. संध्याकाळी ब्लूमाचं हेर्शेलशी लग्न होतं, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे लग्न लागेपर्यंत नवरा-नवरीनं उपास करायचा असतो.

"अगं वेडे, जन्माचे उपास छावणीतच झालेत तुझे! रब्बींनीही सूट दिलीय. भुकेनं तुझे हात कसे कापतात, मी पाहिलंय."

"तेव्हा कुणी खाऊच देत नव्हतं गं. आज पाव समोर आहे, आणि मी देवासाठी थांबलेय. जमतंय का बघू दे ना."

दुपारी हात कापलेच. चेहरा पांढरा पडला. झेल्दानं घाबरून पाव पुढे केला. ब्लूमानं तो दोन्ही हातांनी घेतला, हुंगला, आणि हळूच तिच्या ओंजळीत परत ठेवला. "जपून ठेव हं."

लग्न लागलं. नवरा-नवरीला उपास सोडायला रीतीनं एका खोलीत बसवलं. बाहेर व्हायोलिन सुरू झालं, बायका ताटकळल्या. शेवटी झेल्दानं दार ठोठावलं, "अगं, आम्हाला नाचायचंय!"

"थांब गं," आतून ब्लूमा हसत ओरडली, "हेर्शेलचं झालंय, मी अजून जेवतेय!"

छावणीत पावाचा तुकडा न चावताच गिळणारी ब्लूमा! झेल्दानं डोळे पुसले आणि व्हायोलिनवाल्याला म्हणाली, "अजून एक वाजवा, दादा. आमची नवरी सावकाश जेवतेय."