सत्यभामाबाईंची मांडणी

कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला तेव्हा सत्यभामाबाईंनी आधी त्याला दम दिला. "ऊठ," त्या म्हणाल्या. तो उठला नाही. सून तारा नळावर पाणी भरायला गेलेली, आणि शेजारी दुर्गहून आलेली राधाबाई टक लावून बसलेली. पाहुणीसमोर चाचपडत बसणं त्यांना शोभणारं नव्हतं. त्यांनी पडद्याची मागची वायर ओढली, टोक पदरानं पुसलं आणि परत खोचलं. टीव्ही असाच तर ठिकाणावर येतो.

पडदा उजळला, पण त्याची पार रया गेली होती. सकाळी सासूसुनेनं त्यावर आठ स्थळांच्या आठ चौकटी मांडल्या होत्या. डावीकडे चार मुलगे, उजवीकडे चार मुली. तीस वर्षं सत्यभामाबाई खाटेवर स्थळांचे कागद मांडत आल्या, अगदी तशाच. आता साऱ्या चौकटी एका कोपऱ्यात, एकीवर एक, भिजल्या शेळ्यांसारख्या गोळा झालेल्या. प्रत्येकीच्या माथ्यावरची नुसती नावाची पट्टी दिसत होती.

"माह्या विजयासाठी कोनता पोरगा काढला, दाखवा न बाई," राधाबाई म्हणाली. "आज शब्द द्याचा आहे. घरी सारे वाट पाहून राहिले."

भिलाईत येऊन राहिलेल्या नागपूरकडच्या घरांत लग्न जुळवायचं तर शब्द सत्यभामाबाईंचा. कागद हातात धरायचा, चष्मा सावरायचा, "हं" म्हणायचं, आणि मग सांगायचं. सांगितलेलं आजवर खोटं निघालं नव्हतं.

त्यांनी चष्मा सावरला. "हं," त्या म्हणाल्या. पुढं काही निघेना.

"आता तं अक्षरंही बोराएवढी झाली," राधाबाई पडद्याकडे झुकली. "मले शाळा असती तं मीच वाचलं असतं, माय."

"अक्षर मोठं झालं म्हनून मानूस मोठा होते का?" सत्यभामाबाई फटकन म्हणाल्या. पण त्यांचं बोट पडद्यापाशी जाऊन तसंच थांबलं. या ढिगात एक पोरगा सोन्यासारखा होता आणि एक असा, की वैऱ्याच्या लेकीलाही देऊ नये. वरचा कोणता आणि खालचा कोणता?

तारा हंडा ठेवून दारात आली. तिनं पडदा पाहिला, वायर पाहिली, मग ते अधांतरी बोट पाहिलं. ती खुर्चीवर बसली.

"माझीच चूक, आई. वायर सैल राहिली होती. निघाली का हे मशीन मांडलेलं सारं विसरते." मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मले तं काहीच आठवून नाही राहिलं. कोन कुठं होता, तुमीच सांगा. मी मांडते."

सत्यभामाबाईंची पाठ ताठ झाली.

"डावीकडे, सगळ्यात वर, रसमड्याचा देवराव. फिटर आहे. मायचं ऐकते, पन मायच्या पदराखाली नाही. त्याच्याखाली हथखोजचा पुंडलिक. पहिली बायको महिन्यात परत गेली, हे कागदावर नाही लिहिलं त्यानं. राधाबाई, त्याच्या वाऱ्याले उभी राहू नको."

त्या सांगत गेल्या, तारा एकेक चौकट ओढून जागेवर ठेवत गेली. आठही बसल्या. मग सत्यभामाबाईंनी डावीकडच्या सगळ्यात वरच्या चौकटीवर बोट टेकवलं. या वेळी ते थांबलं नाही.

"हा तुहा जावई."

राधाबाईनं पडद्यालाच हात जोडले, वाटीतली साखर तोंडात टाकली आणि लगबगीनं निघाली.

फाटक वाजलं. तारा वायरीचे स्क्रू पिळत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "अक्षरं आता मोठीच राहू देऊ का?"

सत्यभामाबाईंनी चष्मा काढला. दोन्ही काचा पदरानं पुसल्या आणि सुनेच्या ओल्या हातात ठेवला.

"मोठी ठेव का लहान, मले सारखीच. लावून पाह्य."

तारानं लावला. पडदा, वायर, फाटकापलीकडे वळणारी राधाबाई, सासूबाईंचा चेहरा. सारं बिनचष्म्याचं दिसतं तसंच दिसलं.