परातीतले मीठ

अनसूयाबाईंच्या परातीतले मीठ आजही खडखडीत कोरडे होते. गावातल्या विहिरी आटल्यापासून घरोघर असे मीठ ठेवत. माणसांच्या श्वासातला ओलावा शोषून ते विरघळे आणि तापवले की प्यायचे पाणी सोडी. भरल्या घरातली परात ओसंडून वाही. एकट्या बाईच्या श्वासाने मीठ साधे चिकटही होत नसे. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसणे तर कुणालाच परवडत नसे; आपला ओलावा त्यांच्या परातीत जाई. उद्या तपासणी होती. ज्याचे मीठ कोरडे, त्याची रवानगी तालुक्याच्या वृद्धाश्रमात होई.

दुपारी शेजारचे धोंडोपंत आले आणि त्यांनी आत येऊन दार घट्ट लावून घेतले. दोघांत कित्येक वर्षांचा अबोला होता.

"वहिनी, तुमच्या शेवग्यानं माझी भिंत फोडली."

"शेवगा कधीच वाळला, भावजी. आता कशाला तोंडाची वाफ दवडताय?"

"दवडत नाही. तुमच्याकडे ठेवतोय," धोंडोपंत म्हणाले.

अनसूयाबाईंनी परातीकडे पाहिले. मग पदर खोचून म्हणाल्या, "भिंत मुळातच वाकडी होती तुमची!"

दिवेलागणीपर्यंत दोघे कडाकडा भांडले. परातीच्या कडेचे मीठ पाझरू लागले. घसा बसलेले धोंडोपंत उठले. "बरं, होती भिंत वाकडी. झालं समाधान?"

बाईंनी परातीत बोट घातले. मधले मीठ अजून कोरडेच होते.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या आई माझ्या सासूबाईंना बारशात काय बोलल्या, ते अजून निघायचंय."